पुण्याहून वसईला राहायला जायचं, तर

प्रश्न थोडक्यात असा. कर्वेनगरमधलं जोडपं, मुलगी यंदा पहिलीत जाणार. नवऱ्याला लोअर परळला चांगली नोकरी मिळाली आहे, बायकोचं काम घरून चालतं. मुंबईत घर परवडत नाही म्हणून वसईला एक फ्लॅट पाहून ठेवलाय. सातवा मजला, बाल्कनीतून समुद्राची पट्टी दिसते. तो घ्यावा का, तिथलं रोजचं जगणं कसं असतं, की पुण्यातच राहून डेक्कन क्वीननं जा-ये करावी?

मी मूळचा पुण्याचा. इमारतींची दुरुस्ती आणि स्ट्रक्चरल ऑडिट हा माझा चोवीस वर्षांचा धंदा. त्यातली तेरा वर्षं वसई पश्चिमेला राहून दादरच्या ऑफिसात जात होतो. आता कोथरूडला आहे, पण किनारपट्टीवरची कामं सुटलेली नाहीत. त्यामुळे गाडी आणि घर या दोन्हींबद्दल अनुभवानं सांगू शकतो.

सुरुवातीलाच सांगतो, बाल्कनीतल्या त्या समुद्राच्या पट्टीचे जास्तीचे पैसे मोजू नका. नोकरी करणाऱ्याला समुद्र रविवारी दिसतो, तोही जम्बोब्लॉक, म्हणजे रेल्वेच्या दुरुस्तीसाठी लोकलचा खोळंबा, असला आणि कुठे जाता येत नसलं तर. मी तेरा वर्षांत राजोडी-अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर जितक्या वेळा गेलो, त्यातल्या निम्म्याहून जास्त खेपा पुण्याहून आलेल्या पाहुण्यांसाठी होत्या. घराची किंमत ठरते ती स्टेशनापासून पायी किती मिनिटं लागतात यावर. पुण्यात आपण अंतर दुचाकीवर मोजतो, ‘पंधरा मिनिटं’ म्हटलं की गाडी काढायची. तिथे ते गणित चालत नाही. स्टेशनबाहेर दुचाकी लावायला जागा मिळवणं ही वेगळी नोकरी आहे आणि शेअर रिक्षाची रांग पावसात पुलाखालपर्यंत येते. पंधरा मिनिटं चालत असलेलं जुनं घर हे पंचवीस मिनिटं रिक्षानं असलेल्या नव्या घरापेक्षा बरं. हे माझं मत नवे टॉवर विकणाऱ्यांना आवडत नाही.

आता गाडी. वसई रोड ते चर्चगेट साधारण 52 किलोमीटर, विरार 60. जलद लोकलनं दादरला तासाभरात पोचता. पण लक्षात घ्या, लोअर परळला जलद गाडी थांबत नाही. म्हणजे एकतर दादरला उतरून धीमी पकडायची, प्रभादेवी आणि मग लोअर परळ, नाहीतर सुरुवातीपासूनच धीम्या गाडीत बसून यायचं. घर ते टेबल किमान पावणेदोन तास धरा. एका बाजूचे.

गाडीला तिथे नाव नसतं, वेळ असते. ‘माझी 7:48’ असं माणूस म्हणतो आणि ती गाडी खरंच त्याची होऊन जाते. तोच डबा, तोच दरवाजा, तीच माणसं. वसईहून सुटणाऱ्या गाड्या मोजक्या, बाकी सगळ्या विरारहून भरून येतात. म्हणून बरेच जण आधी उलटे विरारला जातात आणि त्याच गाडीत बसून परत येतात. याला रिटर्न मारणं म्हणतात. वीस-पंचवीस मिनिटं जास्त जातात, पण खिडकी मिळते. मला पहिल्या वर्षी हा वेडेपणा वाटला. दुसऱ्या वर्षापासून मीही मारायला लागलो.

संध्याकाळचा एक प्रसंग सांगतो, कारण त्यावाचून हे कळणार नाही. माझा पहिला आठवडा, दादर, साडेसहा. विरार जलद लागली, चढलो म्हणण्यापेक्षा चढवला गेलो. पाठीवर सॅक तशीच. मागच्या माणसानं शांतपणे ती सॅक ओढून माझ्या पुढ्यात आणली आणि विचारलं, ‘कुठे?’ म्हटलं, वसई. ‘मग दारात कशाला थांबलात? आत जा. बोरिवलीवाल्यांना चढू द्यायचं नाही आज.’ हे तो गंमतीत म्हणाला की गंभीरपणे, ते मला अजून कळलेलं नाही. अंधेरीला आत सरकलो. तिथे बसलेल्या गृहस्थांना शेजारच्यानं नुसतं ‘कुठे?’ विचारलं, ते ‘भाईंदर’ म्हणाले, ‘मी तुमच्यानंतर’. जागेचा सौदा झाला. ना हुज्जत, ना आभार. भाईंदरला ते उठले, हा बसला. नायगाव गेल्यावर त्यानं मला स्वतःहून हटकलं, ‘वसई ना? आता दाराकडे निघा, फलाट कुठल्या बाजूला येतो माहितीय ना?’ मला माहीत नव्हतं. सबंध रांगेनं मिळून सांगितलं.

या तीन गोष्टी, सॅक पुढे घेणं, बसलेल्याला आधी विचारून ठेवणं आणि उतरायच्या एक स्टेशन आधी दाराशी पोचणं, महिनाभरात अंगवळणी पडतात. पुणेकराला यातली एकच अडचण येते: कोणी ओरडला की आपल्याला मुद्देसूद उत्तर द्यावंसं वाटतं. देऊ नका. तोपर्यंत स्टेशन गेलेलं असतं.

चांगली बाजूही खरी आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला तोरणं लागतात, पूजा होते, पेढे वाटतात. एखादा आठवडाभर दिसला नाही तर फोन जातो. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला दिवसभरात 944 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मी दादरच्या ऑफिसात टेबलावर झोपलो होतो. घरी बायको एकटी, फोन लागत नव्हता. आमच्या डब्यातल्या एकाची रजा होती म्हणून तो वसईतच होता. तो कमरेभर पाण्यातून जाऊन तिला सांगून आला की ‘दादरवाले सगळे ऑफिसातच असणार, काळजी नको.’ माझं आडनावही त्याला नीट माहीत नव्हतं. विंगेच्या खालच्या पाट्या वाचत घर शोधलं होतं त्यानं.

पावसाकडे आलोच आहोत तर हा भाग नीट वाचा, कारण पुण्याच्या अनुभवावर इथे फसगत होते. पुणे शहरात वर्षाला साधारण 700 ते 800 मिलिमीटर पाऊस पडतो, किनाऱ्यावर 2000च्या वर. पण फरक केवळ आकड्याचा नाही. आपल्याकडे पूर येतो तो बहुतेक नदीला वरून पाणी सोडल्यावर. एकता नगरीत जुलै 2024मध्ये पाणी शिरलं, त्याचा धागा खडकवासल्याच्या विसर्गापर्यंत नेता येतो. वसईत पाणी दोन्हीकडून येतं. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेची. डोंगरावरचं पाणी पश्चिमेला उतरतं, वाटेत रेल्वेचा भराव आडवा. पुढे पूर्वी मिठागरं आणि खाजणं, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या दलदलीच्या जागा, होती, ती पाणी पोटात घ्यायची. त्यांतल्या बऱ्याच जागी आता भराव आणि इमारती आहेत. उरलेले नाले खाडीत जातात. आणि भरती असली की खाडीचं पाणी नाल्याच्या तोंडाशी उभं असतं, आतलं बाहेर जाऊच शकत नाही. म्हणून तोच पाऊस ओहोटीला पडला तर तासाभरात ओसरतो आणि भरतीला पडला तर तळमजल्यात शिरतो. 2018च्या जुलैत नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली जाऊन गाड्या बंद पडल्या, तेव्हा पाऊस थांबल्यावरही पाणी हटायला तयार नव्हतं.

तिथल्या जुन्या माणसांकडून शिकलेला हिशेब देतो, फार उपयोगी आहे. तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात मुंबईच्या पट्ट्यात बाराच्या आसपास. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे उधाण, म्हणजे पाणी सर्वात वर. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी कमी चढतं. उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाणार असली की पावसाळ्यात सगळे सावध होतात. माझ्या शेजारच्या काकू, मूळच्या पापडी गावच्या, कॅलेंडरकडे एक नजर टाकून मला सांगायच्या, ‘आज लवकर ये रे, नाहीतर राहशील तिकडेच.’ हवामान खात्याचा इशारा मोबाईलवर त्यानंतर यायचा.

आता घर, आणि इथे मी थोडा लांबेन.

खारी हवा काय करते? काँक्रीटच्या आत सळई असते आणि सळईवर काँक्रीटचं जे आवरण असतं त्याला आम्ही कव्हर म्हणतो. हवेतला क्षार ओलाव्याबरोबर काँक्रीटमध्ये मुरत जातो, सळईपर्यंत पोचला की गंज धरतो. गंजलेलं लोखंड मूळच्या दुपटीहून जास्त जागा घेतं. मग ते आतून ढकलतं, आधी बारीक भेग, मग फुगवटा, मग ढलपा खाली. आयएस 456 या भारतीय संहितेत वातावरण जसं तसं कव्हर ठरवून दिलं आहे: सौम्य हवेत 20 मिमी, मध्यम असेल तर 30 आणि किनाऱ्याच्या हवेला उघड्या काँक्रीटला 45. काँक्रीटही किमान एम 30 ताकदीचं लागतं. पुण्यातला कंत्राटदार पुण्याच्या सवयीनं किनाऱ्यावर काम करायला गेला तर इमारत दिसायला सारखीच होते, आयुष्य मात्र निम्मं.

हे मी पुस्तकातून शिकलो होतो, पण कळलं स्वतःच्या घरात. तिथे घेतलेल्या पहिल्या फ्लॅटमध्ये चौथ्या पावसाळ्यानंतर बाथरूमच्या छतावर तपकिरी डाग आले. सुटे नव्हे, ओळीत. एक ओळ, वीतभर अंतरावर दुसरी, मग तिसरी. स्टुलावर चढून हातोडीच्या मागच्या टोकानं ठोकलं तर एका जागी खणखणीत आवाज, डागाशी आला की भद्द. तो भाग फोडला. सळई बोटाच्या नखाइतक्या काँक्रीटखाली होती, मोजलं तर 12 मिमी. आणि तिच्यावरून गंजाचा पापुद्रा पापडासारखा सुटून हातात आला. स्ट्रक्चरल इंजिनिअरनं घर घेताना पाहिलं काय? टाइल्स पाहिल्या, बाल्कनी पाहिली. बिल्डरचं नाव घेत नाही, आता त्याचा उपयोग नाही.

बांधकामाचं पाणी हाही किनाऱ्यावरचा प्रश्न. बोअरचं पाणी खारट असतं आणि टँकर महाग, मग काँक्रीट कालवायला काय वापरलं ते देव जाणे. सळईच्या कामाला पाण्यात क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. चाचणीचा कागद मागा. नवीन इमारतीत बिल्डर देईल, नाही दिला तर तेही उत्तरच आहे.

तुमच्या फ्लॅटपुरतं: सातवा मजला वरून कितवा आहे? शेवटचा असेल तर गच्चीवर पत्र्याची शेड आहे का ते पाहा. पुण्यात शेड दिसली की आपण नाक मुरडतो. तिथे ती नसेल तर मी नाक मुरडतो. पश्चिमेकडची भिंत बाहेरून पाहा, पाऊस तिकडूनच झोडपतो. शेजाऱ्यांच्या कपाटांना भिंतीपासून लांब ओढलेलं दिसलं तर समजा, मागे ओल आहे. तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे, तो अहवाल सोसायटीकडे मागून घ्या आणि मला पाठवलात तरी चालेल. आणि भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीत, कितीही स्वस्त असली तरी, जाऊ नका. वसई-विरार पट्ट्यात अनधिकृत बांधकामांचा प्रश्न मोठा आहे. विरारला ऑगस्ट 2025मध्ये चार मजली इमारतीचा भाग कोसळून सतरा जण गेले. ‘इथे सगळ्यांचं असंच असतं’ हे वाक्य एजंटच्या तोंडून ऐकलंत की चहा संपवून उठा.

घरातल्या बारीकसारीक गोष्टी. चिवडा सादळतो, काडेपेटी सादळते, मीठ डबीत दगड होतं. जुलैत कपडे तीन दिवस वाळत नाहीत आणि त्यांना एक वास लागतो, तो शेवटी आपल्याला येईनासा होतो. चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी. पुस्तकं काचेच्या कपाटात, आत एक छोटा बल्ब लावून. पुण्याहून नेलेलं लोखंडी कपाट खालून गंजेल, पायाखाली ठोकळे द्या. मेच्या रात्री पुण्यात पहाटे चादर लागते, तिथे पंखाही घाम वाळवत नाही. एसी लागेलच, आणि त्याचं बाहेरचं युनिट समुद्राच्या बाजूला बसवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रश्न नवऱ्याच्या नोकरीवरून विचारलाय, पण वसईत राहणार कोण? तुम्ही सकाळी सातला निघून रात्री साडेआठला येणार. तुम्ही वसईत झोपणार आहात. राहणार तुमची बायको आणि मुलगी. म्हणून नोकरदारांच्या गावात घर निवडताना जो घरी असतो त्याचं आधी बघायचं: पाणी किती वेळ येतं, दुपारी वीज जाते का, इंटरनेट दोन कंपन्यांचं मिळतं का, शाळा चालत आहे का, डॉक्टर रात्री उघडतो का. आम्ही हे उलटं केलं. पहिली दोन वर्षं बायकोनं टँकरच्या वेळेवर दिवस काढले आणि मला ते रविवारी ऐकवलं. चूक तिची नव्हती.

पण नंतर वसई तिलाच जास्त कळली. स्टेशनभोवतीचं सिमेंट ओलांडून पश्चिमेला गेलात की गाव सुरू होतं. केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या, चर्च, देवळं आणि बावखलं. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं जुनं तळं. पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि विहिरीत खारं पाणी शिरू देत नाही. कुठलं बुजवलं की आसपासच्या विहिरी बिघडतात, हे तिथल्या बाया इंजिनिअरांआधी सांगतात. सामवेदी कुटुंबांत घरी कादोडी बोलतात, वाडवळांची बोली वेगळी. दोन्ही ऐकून आधी वाटतं मराठीच आहे, मग वाटतं नाही, मग हळूहळू अर्थ लागायला लागतो. माझ्या बायकोला वाडीतली भाजी, सुकेळी आणि पावट्याच्या शेंगा थेट दारात मिळू लागल्या. पुण्याला आल्यावर तिनं आठवण काढली ती याची. सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, खाल्ली नसतील तर एवढ्यासाठी जाऊन या. मासे खात असाल तर जून-जुलैत बंदी असते, तेव्हा सुक्या बोंबलावर भागवायचं. खात नसाल तर वासाची सवय करायची. शेजारणीला नाक दाबून दाखवायचं नाही, एवढं पथ्य पाळा.

आणि हो, पुणेकर म्हणून तिथे उपरे वाटणार नाही. चिमाजीअप्पांनी 1739मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, हे तिथला रिक्षावालाही सांगतो. मात्र आपण स्वतःहून सांगायला सुरुवात करू नये, तिथल्या बऱ्याच घराण्यांना त्या लढाईची दुसरी बाजूही आठवते.

डेक्कन क्वीनचं विचारलंत. गाडी 1930पासूनची, तिच्याबद्दल मला प्रेम आहे, पण तुमच्या नोकरीला ती जमणार नाही. पुण्याहून 7:15ला सुटते, मुंबईला साडेदहाच्या आत. परत निघते 5:10ला, म्हणजे लोअर परळचं टेबल सव्वाचारलाच सोडावं लागेल. पुण्यात उतरून कर्वेनगरला पोचेपर्यंत नऊ वाजतात. घरातून सकाळी सव्वासहाला निघालेला माणूस जवळजवळ पंधरा तासांनी परततो. पासाच्या डब्यात वर्षानुवर्षं हे करणारे मी पाहिलेत. त्यांच्या ऑफिसनं वेळ ठरवून दिलेली असते आणि ऑफिस सीएसएमटीच्या जवळ असतं. आठवड्यातून दोन दिवसच जायचं असेल तर जरूर पुण्यातच राहा. पाच दिवस असेल तर नाही.

म्हणजे माझं म्हणणं असं: वसईला जा, पण तो फ्लॅट घेऊ नका. अकरा महिन्यांच्या करारानं भाड्यानं घ्या, स्टेशनपासून चालत, पश्चिमेला, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर. एक अख्खा पावसाळा काढा. कर्वेनगरचं घर विकू नका, भाड्यानं द्या.

आणि घर पाहायला एजंट बोलावेल तेव्हा, म्हणजे एखाद्या डिसेंबरातल्या रविवारी सकाळी, जाऊ नका. जुलैतल्या अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या दिवशी जा. पुण्याहून पहाटेची गाडी धरून दादरला उतरा, पूल ओलांडून पश्चिम रेल्वेला या. साडेअकराच्या सुमाराला इमारतीच्या फाटकाशी पोचलात की तासभर तिथेच थांबा, छत्री घेऊन. नाल्याकडे बघत राहा, पाणी कुठल्या दिशेला वाहतंय ते. मग वर जाऊन बाथरूमचं छत ठोकून पाहा.